खिशातले आठ डॉलर

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातल्या आमच्या मराठी मंडळींच्या जेवणावळींत एक वाक्य मी गेली तेवीस वर्षे ऐकत आले आहे. पंगत आटोपली, मुले तळघरात खेळायला गेली आणि बडीशेपेची वाटी फिरू लागली की ज्येष्ठांपैकी कुणीतरी म्हणते, "आम्ही आलो तेव्हा खिशात आठ डॉलर होते." हे वाक्य खोटे नाही. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात भारत सरकार परदेशी निघालेल्या माणसाला तेवढेच डॉलर सोबत नेऊ देत असे. त्या आठ डॉलरांवर ज्यांनी पहिला हिवाळा काढला, रात्रपाळ्या केल्या, एका खोलीत चौघे राहिले, त्यांच्या कष्टांविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु ते वाक्य तिथे थांबत नाही. दुसरे कुणीतरी ते पुढे नेते: आपण आठ डॉलरांवर उभे राहिलो, मग या लोकांना इतक्या वर्षांत काय झाले? 'हे लोक' म्हणजे काळे अमेरिकन; पण ते कोण, हे त्या खोलीत कुणालाही विचारावे लागत नाही. मीही कधी विचारले नाही. पहिली कितीतरी वर्षे मी मान डोलावली.

या विचाराला अमेरिकेत एक भारदस्त नाव आहे, पर्सनल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे ज्याची त्याची वैयक्तिक जबाबदारी. १९९६ साली गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर कडक अटी घालणारा जो कायदा झाला, त्याच्या नावातच हे शब्द आरंभी आहेत. शब्द चांगले आहेत. कोणत्याही आईने मुलाला शिकवावेत असे आहेत. मात्र अमेरिकेत वंशाविषयी बोलणे निघाले की हे शब्द जवळजवळ नेहमी दुसऱ्याकडे बोट दाखवून वापरले जातात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. ते लक्षात येण्यास कारण झाले ते एक मृत्युलेख, आणि त्यात अनपेक्षितपणे समोर आलेले माझ्या गावाचे नाव.

९ जून २०२४ रोजी रेव्हरंड जेम्स लॉसन वयाच्या ९५ व्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये निवर्तले. नॅशव्हिलच्या नागरी हक्क चळवळीचे, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या समान हक्कांच्या लढ्याचे, ते शिक्षक, एवढे मला ऐकून माहीत होते. मृत्युलेख वाचताना मध्येच ओळ आली, की १९५३ ते १९५६ या काळात ते भारतात, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात मेथडिस्ट मिशनरी म्हणून काम करत होते. मी ती ओळ तीनदा वाचली. हिस्लॉपच्या फाटकावरून मी शाळेच्या दिवसांत वर्षानुवर्षे सायकलने गेले आहे. सिव्हिल लाइन्समधली ती झाडे, उन्हाळ्यात तापलेला तो रस्ता मला डोळे मिटून दिसतो. ज्या शहरात मी जन्मले तिथे शिकून गेलेल्या माणसाने, ज्या शहरात मी राहते त्या शहराला बदलले होते, आणि दोन्ही शहरांत राहूनही मला त्याचा पत्ता नव्हता.

लॉसन यांचा जन्म १९२८ चा, पेनसिल्व्हेनियातला. वाढले ओहायोतल्या मॅसिलनमध्ये. त्यांच्या बालपणीचा एक प्रसंग ते आयुष्यभर सांगत असत. आईने कुठल्याशा कामाला पाठवले असता वाटेत मोटारीत बसलेल्या एका लहान गोऱ्या मुलाने त्यांना वंशवाचक शिवी दिली. त्यांनी जाऊन त्याच्या थोबाडीत मारली आणि घरी येऊन आईला ते सांगितले. स्वयंपाकघरात काम करत असलेल्या आईने मागे वळूनही न पाहता विचारले, "त्याने काय साधले, जिमी?" मग ती त्याच्याशी बराच वेळ बोलत राहिली. शिवी देणाऱ्या मुलाचा अपराध तिने नाकारला नाही, किंवा आपला मुलगा शिवी खाण्याजोगाच आहे असेही सुचवले नाही. आपल्या हातात जेवढे आहे त्याने काय साधायचे, एवढेच तिने विचारले. मला वाटते, जबाबदारी या शब्दाचा इतका नेमका अर्थ मी इतरत्र कुठे ऐकलेला नाही.

कोरियन युद्धाच्या वेळी लष्करी भरतीला सहकार्य करण्यास लॉसन यांनी नकार दिला आणि त्यासाठी वर्षाहून अधिक काळ तुरुंगवास भोगला. सुटून आल्यावर ते नागपूरला आले. गांधी जाऊन पाच वर्षे झाली होती. त्यांच्यासोबत काम केलेली माणसे हयात होती, आणि सत्याग्रहाची रीत लॉसन यांना पुस्तकाबाहेर समजून घ्यायची होती. डिसेंबर १९५५ मध्ये नागपूरच्या वर्तमानपत्रात त्यांनी बातमी वाचली, की अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी वंशभेद पाळणाऱ्या बसगाड्यांवर बहिष्कार टाकला आहे. तो बहिष्कार ३८१ दिवस चालला. हजारो माणसे, त्यांत गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या असंख्य बायका, वर्षाहून अधिक काळ पायी कामावर गेल्या किंवा एकमेकांच्या गाड्यांतून गेल्या. वैयक्तिक जबाबदारीचे उदाहरण हवे असेल, तर ते त्या पावलांपाशी शोधायला हवे, असे मला आता वाटते.

आमच्या महाराष्ट्राचा आणि या प्रश्नाचा संबंध लॉसन यांच्यापुरता नाही, हे इथे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, आणि १९४६ मध्ये त्यांनी काळ्या अमेरिकेचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि निग्रोंच्या स्थितीतले साम्य मांडले. ड्यू बॉइस यांची पहिली पदवी फिस्क विद्यापीठाची, जे माझ्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर आहे. लॉसन १९५६ मध्ये परतले, आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. माझ्या माहेरच्या घरात मात्र दीक्षाभूमीचे नाव 'त्या दिवशी रस्ते बंद असतात' एवढ्याच संदर्भात येत असे. 'हे लोक' हा शब्दप्रयोग मी अमेरिकेत शिकले नाही. तो मी सामानात बांधूनच आणला होता.

ओहायोतल्या ओबर्लिन इथे फेब्रुवारी १९५७ मध्ये लॉसन यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली. दोघे जवळपास एकाच वयाचे. किंग यांनी त्यांना विनवले, की शिक्षण पुरे होण्याची वाट पाहू नका, दक्षिणेत आत्ताच या. लॉसन नॅशव्हिलला आले, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र शाखेत दाखल झाले आणि एका चर्चमध्ये त्यांनी शिबिरे सुरू केली. डायॅन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट ही विशी-एकविशीतली मुले तिथे येत. शिबिरात काही मुले गोऱ्या गुंडांची भूमिका घेत. ती दुसऱ्यांना शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली ओढत. आणि खाली पडलेल्याने डोके व पोट कसे वाचवायचे, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची आणि हात कसा उचलायचा नाही, याचा सराव चाले.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी शंभराहून अधिक विद्यार्थी नीटनेटके कपडे करून शहराच्या मध्यवर्ती भागातल्या दुकानांत गेले, थोडीफार खरेदी केली आणि तिथल्या खाद्यपदार्थांच्या काउंटरवर जाऊन बसले. या दुकानांत काळ्या गिऱ्हाइकांचा पैसा चालत असे. त्यांनी तिथे बसून खाल्लेले चालत नसे. २७ फेब्रुवारीला गोऱ्या तरुणांच्या जमावाने त्यांना बडवले, त्यांच्या पाठीवर सिगारेटी विझवल्या, आणि पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्या सुमारे ऐंशी विद्यार्थ्यांना. न्यायालयाने प्रत्येकी ५० डॉलर दंड केला. तो भरण्याचे नाकारून मुले तुरुंगात गेली. व्हँडरबिल्टने मार्चमध्ये लॉसन यांना काढून टाकले. पुढे कितीतरी वर्षांनी त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने प्राध्यापक म्हणून बोलावले, आणि ते आलेही.

आमच्या शहराच्या मुख्य ग्रंथालयात एक नागरी हक्क दालन आहे. मृत्युलेख वाचल्यानंतरच्या शनिवारी मी पहिल्यांदा तिथे गेले. इतकी वर्षे मुलांना घेऊन मी त्याच इमारतीत गोष्टींच्या तासाला जात होते. दालनात एक काउंटर आहे, भोवती उंच स्टुले आहेत, आणि काउंटरवर विद्यार्थ्यांनी स्वतःसाठी केलेले दहा नियम कोरलेले आहेत. मारले किंवा शिवी दिली तरी उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. दुकानाचे दार किंवा वाट अडवू नका. सदैव सौजन्याने वागा. ताठ बसा, तोंड कायम काउंटरकडे ठेवा. या नियमापाशी मी बराच वेळ थांबले. जमाव पाठीमागून येतो आहे हे माहीत असताना त्याच्याकडे पाठ करून ताठ बसायचे, हे वीस वर्षांच्या मुलांनी आपले कर्तव्य म्हणून लिहून ठेवले होते. ज्या अन्यायात त्यांचा काही एक अपराध नव्हता, तो दूर करण्याची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली होती. ज्यांनी तो केला होता ते मात्र आपापल्या घरी निश्चिंत जेवत होते.

१९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. लूबी पती-पत्नी वाचले. त्याच दिवशी हजारो लोक निःशब्दपणे चालत महापौर बेन वेस्ट यांच्याकडे गेले. पायऱ्यांवर डायॅन नॅश यांनी त्यांना सरळ विचारले, की केवळ रंगावरून माणसात भेदभाव करणे चूक आहे असे तुम्हाला स्वतःला वाटते का? वेस्ट यांना होय म्हणावे लागले. ही घटना अनेकदा सांगितली जाते, पण मला तिच्यातला एकच भाग महत्त्वाचा वाटतो: महापौर म्हणून काय करणार, एवढेच विचारून ती मुलगी थांबली नाही. तिने त्यांना माणूस म्हणून उत्तर द्यायला लावले. वैयक्तिक जबाबदारी तेव्हा खऱ्या मालकाच्या पत्त्यावर पोचली होती. १० मेपासून त्या काउंटरांवर काळ्या गिऱ्हाइकांना जेवण मिळू लागले.

मग कुणी म्हणेल, मिळाले ना सगळे? १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा झाला, १९६५ मध्ये मतदानाचा कायदा झाला. आता तरी आपापले बघा. या प्रश्नाचे उत्तर मला मेम्फिसमध्ये सापडते. १९६८ मध्ये लॉसन तिथे एका चर्चचे पाळक होते. १ फेब्रुवारीला पाऊस पडत असताना एकल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात आडोशाला उभे राहिले, गाडीतले दाबयंत्र आपोआप सुरू झाले आणि ते दोघे कचऱ्यासारखे चिरडले गेले. त्यानंतर सुमारे १,३०० कामगारांनी संप केला. पूर्ण वेळ राबूनही त्यांच्यातल्या कित्येकांना सरकारी मदतीवाचून घर चालवता येत नव्हते. त्यांच्या गळ्यात पाट्या होत्या: 'मी माणूस आहे.' यापेक्षा जास्त कष्ट त्यांनी करायचे म्हणजे काय करायचे होते?

किंग यांचे दोन प्रसंग मी या संदर्भात नेहमी शेजारी ठेवून पाहते. ऑक्टोबर १९६७ मध्ये फिलाडेल्फियातल्या शाळकरी मुलांना ते म्हणाले होते, की रस्ता झाडण्याचे काम वाट्याला आले, तर मायकेलअँजेलोने चित्रे काढली त्या निगुतीने रस्ता झाडा. 'कष्ट करा' म्हणणाऱ्यांना हे भाषण फार आवडते. पण त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, लॉसन यांच्या बोलावण्यावरून, तेच किंग मेम्फिसमध्ये झाडूवाल्यांच्या सभेत उभे राहिले आणि श्रीमंत देशात माणसांना उपासमारीच्या मजुरीवर राबवणे हा गुन्हा आहे असे म्हणाले. त्यांच्या मनात या दोन गोष्टींत विरोध नव्हता. ज्याच्या पायात जोडाच नाही त्याला जोड्याचे बंद ओढून वर ये असे सांगणे ही क्रूर चेष्टा आहे, असे ते त्या वर्षात वारंवार सांगत होते. ४ एप्रिलला मेम्फिसमध्येच त्यांचा खून झाला. १६ एप्रिलला शहराने कामगारांच्या मागण्या मान्य केल्या.

आता पुन्हा त्या आठ डॉलरांकडे येते. १९४६ पर्यंत भारतातून आलेल्या माणसाला या देशाचे नागरिक होणे जवळजवळ अशक्यच होते, आणि त्यानंतरही वर्षाला अवघ्या शंभर भारतीयांना येऊन स्थायिक होण्याची मुभा होती. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी ज्या कायद्याने राष्ट्रवार कोटा मोडीत काढला, तो नागरी हक्क चळवळीने देशाला आपल्या वंशभेदाची लाज वाटायला लावली त्याच दोन वर्षांत झाला. काउंटरवर ताठ बसलेल्या त्या मुलांनी दार उघडले, आणि त्या दारातून आम्ही आलो. शिवाय आम्ही सरसकट आलो नाही; कौशल्य पाहून, पदव्या मोजून आम्हाला निवडून घेतले गेले. खिशात आठ डॉलर होते, पण बॅगेत अभियांत्रिकीची किंवा वैद्यकाची पदवी होती, आणि ती बहुधा अशा सरकारी महाविद्यालयाची होती जिथे शिक्षणाचा खर्च जनतेने उचलला होता. माझ्या स्वतःच्या बाबतीत त्याही मागे जावे लागते. माझ्या पणजोबांना लिहिता-वाचता येत होते आणि गावाच्या विहिरीवर त्यांना कुणी अडवत नव्हते. हे सारे सोडून आठ डॉलर मोजणे म्हणजे जमाखर्चाच्या वहीचे एकच पान दाखवणे आहे.

प्रयोगशाळेत माझ्यासोबत सतरा वर्षे काम केलेली एक सहकारी उत्तर नॅशव्हिलमध्ये वाढली. तिच्या आजोबांचे जेफरसन स्ट्रीटवर शिंप्याचे दुकान होते. जेफरसन स्ट्रीट म्हणजे काळ्या नॅशव्हिलचा कणा: फिस्कसारखी विद्यापीठे, चर्चे, दुकाने, आणि जिथे तरुण जिमी हेंड्रिक्सने गिटार वाजवली ते क्लब. साठच्या दशकाच्या अखेरीस इंटरस्टेट ४० हा महामार्ग नेमका त्या वस्तीच्या मधून काढला गेला. रहिवासी १९६७ मध्ये न्यायालयात गेले आणि हरले. घरे पाडली गेली, गल्ल्या मधोमध तुटल्या, गिऱ्हाईक पलीकडे राहिले, आणि आजोबांनी दुकान बंद केले. त्याआधी, १९३० च्या दशकात, गृहकर्जाच्या सरकारी नकाशांवर दोनशेहून अधिक शहरांतल्या अशा वस्त्या लाल रंगवल्या गेल्या होत्या, म्हणजे तिथे घरासाठी सरळ मार्गाने कर्ज मिळणे दुरापास्त होते. हे सांगताना माझ्या सहकारीच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नसतो. आपल्या मुलाला ती सांगते, "तुला इतरांच्या दुप्पट चांगलं असावं लागेल," आणि गाडी चालवायला लागल्यावर त्याला हेही शिकवले, की पोलिसांनी थांबवले तर दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेव. जबाबदारीची शिकवण कमी पडते असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या स्वयंपाकघरात एक संध्याकाळ बसून पाहावे.

आणि माझी जबाबदारी? २००६ साली आम्ही घर शोधत होतो. नकाशावर महामार्गाच्या पलीकडच्या एका भागावर बोट ठेवून मी घरे दाखवणाऱ्या एजंटला विचारले, इथे काय भाव आहेत? तो भाग माझ्या कामापासून जवळ होता. एजंट मृदूपणे म्हणाला, की तुमच्यासारख्या कुटुंबाला तिकडे आवडणार नाही. गिऱ्हाइकाला वस्तीच्या वंशावरून असे वळवणे किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात झालेल्या गृहनिर्माण कायद्याने निषिद्ध केलेले आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पण त्या वाक्याचा अर्थ मला पूर्ण कळला होता, आणि खरे सांगायचे तर तो ऐकून मला बरे वाटले होते. कुणीतरी मला या बाजूचे मानले होते. आम्ही पश्चिमेला, बेलव्ह्यूकडे घर घेतले. त्या घराची किंमत वाढत गेली आणि वाढलेल्या किमतीवर कर्ज काढून मुलाचे कॉलेज झाले. माझ्या सहकारीच्या आजोबांचे दुकान ज्या व्यवस्थेने मोडले, तिनेच माझे घर फळाला आणले. मी तो महामार्ग बांधला नाही, हे खरे आहे. पण मी रोज त्याच्यावरून जाते.

२०२३ मध्ये बेलव्ह्यूत एक नवे हायस्कूल सुरू झाले. त्याचे नाव जेम्स लॉसन हायस्कूल. माझ्या मैत्रिणीची मुलगी तिथे शिकते. गेल्या हिवाळ्यात ती शाळेच्या कामासाठी वही घेऊन माझ्याकडे आली. आपल्या परिसरातली कुटुंबे इथे कशी आली, हे मोठ्या माणसांना विचारायचे होते. मी तिला हिस्लॉपच्या फाटकाविषयी सांगितले. तिच्या शाळेला ज्यांचे नाव आहे ते आजोबा माझ्या गावी राहून गेले, हे ऐकून ती खुलली आणि तिने 'नागपूर' हे नाव देवनागरीत लिहिता येते का ते करून पाहिले. मग तिने यादीतला पुढचा प्रश्न विचारला.

"मावशी, तुम्ही हेच घर का घेतलं?"

शाळा चांगल्या होत्या, असे उत्तर माझ्या ओठांवर तयार होते. मी ते अठरा वर्षे देत आले आहे. त्याऐवजी मी तिला नकाशाविषयी सांगितले, मी कुठे बोट ठेवले होते ते सांगितले आणि एजंट काय म्हणाला तेही जसेच्या तसे सांगितले.

"मग तुम्ही त्याला काय म्हणालात?"

"काही नाही," मी म्हटले. "मी काहीच म्हणाले नाही."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि मग मान खाली घालून तेही वहीत लिहून घेतले.